वडील मृत्युपत्र न करता गेले. वारस म्हणून नावे कोणाकोणाची लावायची?

वाचकाचा प्रश्न

परभणी जिल्ह्यातील एका वाचकाचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा गोषवारा देत आहोत. त्यांचे वडील पाच महिन्यांपूर्वी वारले. मृत्युपत्र केलेले नव्हते. मागे दहा एकर जमीन आहे. त्यातली सहा एकर आजोबा १९७४ साली वारल्यावर वडिलांच्या नावावर आली आणि चार एकर वडिलांनी १९८९ मध्ये खरेदी केली. याखेरीज गावात माळवदाचे घर आहे, बँकेत चार लाखांची ठेव आहे जिला पत्रलेखक नॉमिनी आहेत, आणि सोसायटीचे पीककर्ज आहे. आई हयात आहे. दोन बहिणींपैकी थोरलीचे लग्न १९९२ मध्ये झाले आणि धाकटीचे २००३ मध्ये. धाकटीने लग्नाच्या वेळी ‘वडिलांच्या इस्टेटीत मला हिस्सा नको’ असे वीस रुपयांच्या बाँडवर लिहून दिले आहे. धाकटा भाऊ २०२१ मध्ये अपघातात गेला. त्याची पत्नी नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन जिंतूर तालुक्यात माहेरी राहते. पत्रलेखक पंचवीस वर्षांपासून शेती पाहतात, कृषी सेवा केंद्र चालवतात आणि वडिलांचे दुखणे त्यांनीच काढले. ते विचारतात : ‘मृत्युपत्र नसले की जमीन मुलांकडे जाते आणि मुलांमध्ये आता मी एकटाच आहे. मग आईचे आणि माझे अशी दोनच नावे लावून घेतली तर चालेल का? बहिणींच्या लग्नांत पुष्कळ खर्च झाला आहे, हिस्से पडले तर माहेर तुटेल, आणि धाकटी तर स्वतःच म्हणाली की दादा, तुला वाटेल ते कर. शपथपत्रात बहिणी लिहूच नका, कोण विचारतंय, असा सल्ला गावातले एक जाणकार देत आहेत.’

उत्तर

‘वडिलांनी काहीच ठरवून ठेवले नाही’ या वाक्याने तुमचे पत्र सुरू होते आणि पुढचे सगळे त्याच वाक्यावर उभे आहे. ज्याने मृत्युपत्र केले नाही त्याच्या मालमत्तेचे काय करायचे ते मागे उरलेल्यांनी, त्यातही घरातल्या कर्त्या मुलाने, ठरवायचे असते असे तुम्ही धरून चालला आहात. कायदा तसे मानत नाही. वडिलांचा श्वास थांबला त्याच क्षणी त्यांची मालमत्ता १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने ठरवून दिलेल्या माणसांकडे, ठरवून दिलेल्या प्रमाणात गेली. सातबाऱ्यावर आज त्यांचेच नाव असले तरी मालक ते उरलेले नाहीत, आणि तुम्ही एकटेही नाही. तलाठ्याकडे जी वारस नोंद करायची असते तिने कोणाला नवा हक्क मिळत नाही आणि कोणाचा असलेला जात नाही. जे आधीच घडून गेले आहे ते फक्त कागदावर येते. म्हणून कोणाला किती द्यावे या विचारात तुम्ही जे पाच महिने घालवले ते जरा बाजूला ठेवू आणि आधी कोणाचे किती आहे ते पाहू. द्यायचे की सोडायचे हा विषय त्यानंतरचा आहे, आणि तो ज्याच्या त्याच्या हातात आहे.

चार एकरांचे सोपे आहे, कारण ती वडिलांची स्वकष्टार्जित जमीन. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या मागे पहिल्या वर्गातले वारस एकाच वेळी, बरोबरीने वारस होतात. या वर्गात पत्नी, मुलगे, मुली आणि आई येतात, आणि आधी वारलेल्या मुलाची विधवा व मुलेही येतात. मुलीचे लग्न झाले की नाही, कधी झाले, ती माहेरी येते की नाही, याचा या यादीशी काही संबंध नाही. तुमच्या घरात पाच हिस्से पडतात : आई, तुम्ही, थोरली बहीण, धाकटी बहीण आणि मयत भावाची शाखा. चार एकर म्हणजे १६० गुंठे, म्हणून प्रत्येकी ३२ गुंठे. भावाच्या शाखेचे ३२ गुंठे वहिनी आणि पुतणी यांच्यात निम्मे-निम्मे, म्हणजे १६ आणि १६. घरालाही हाच हिशोब लागू आहे. एके काळी राहत्या घराची वाटणी मागण्याचा हक्क मुलींना नव्हता, आणि खेड्यात अजूनही तेच सांगितले जाते. पण ते कलम २००५ मध्येच काढून टाकले आहे.

पत्रात वहिनींचा उल्लेख ‘ती तर माहेरी गेली’ एवढ्या चार शब्दांत आटोपला आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिथेच वाटते. त्या कुठे राहतात यावर त्यांचा वारसा अवलंबून नाही. ‘उद्या दुसरे लग्न केले तर?’ असे तुमच्या जाणकारांनी विचारले आहे म्हणता. वारसा सासऱ्यांच्या मृत्यूच्या दिवशी उघडला आणि त्या दिवशी त्या तुमच्या भावाच्या विधवा होत्या. उद्या त्यांनी पुन्हा संसार मांडला तरी एकदा मिळालेला हिस्सा परत जात नाही. पुतणीच्या हिश्श्याला तर त्याहून अधिक संरक्षण आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाच्या नावची स्थावर मालमत्ता आईलासुद्धा न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता किंवा सोडून देता येत नाही. वहिनींना भीड घालून दोघींच्या वतीने त्यांची सही घेतलीत, तरी मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो कागद न्यायालयात रद्द करून मागू शकते. तेव्हा तुम्ही साठीच्या घरात असाल. त्या वयात कोर्टाची तारीख घ्यायची आणि तीही भावाच्या मुलीविरुद्ध, याचा विचार आज करून ठेवा.

जाता जाता एक गोष्ट, जी ऐकून बरेच जण दचकतात. भाऊ गेला तेव्हा त्याचे स्वतःचे जे काही होते, खात्यातले पैसे असोत की मोटारसायकल, त्याचे वारस तीन होते : पत्नी, मुलगी आणि आई. वडील नव्हेत. मुलाच्या वारसात आई पहिल्या वर्गात आहे आणि वडील दुसऱ्या वर्गात. म्हणजे तुमच्या आईंचे नाव या घरात दोन वाटांनी येते, आणि तरीही नावे लावताना ‘आई काय, माझ्याकडेच राहणार’ असे म्हणून तिलाच आधी वगळणारे मुलगे कमी नाहीत. तुम्ही तिला वगळले नाही, हे मला पत्रात आवडले.

आता आजोबांकडून आलेली सहा एकर. ‘ती वडिलोपार्जित, म्हणून मुलांची’ असे तुम्ही लिहिता. या वाक्यात दोन गोष्टी तपासून पाहायला हव्यात.

आजोबांकडून आले म्हणजे आपोआप वडिलोपार्जित झाले, असे १९५६ नंतर राहिलेले नाही. आजोबांची जमीन त्यांची स्वतःची असेल आणि १९७४ मध्ये वारसा कायद्याने ती तुमच्या वडिलांकडे आली असेल, तर ती वडिलांच्या हातात त्यांची व्यक्तिगत मालमत्ता ठरते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८६ च्या चंदर सेन निकालात सांगितले आणि पुढेही कायम ठेवले. तसे असेल तर याही सहा एकरांचे तेच पाच हिस्से. उलट ती पणजोबांपासून एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आलेली असेल, तर हिस्से काढायची रीत बदलते, २०२१ मध्ये भाऊ गेला तेव्हाचा हिशोबही त्यात येतो, आणि ते गणित वकिलाकडून कागदावर करून घेतलेले बरे. मात्र त्या गणितात बहिणी वजा होत नाहीत. ९ सप्टेंबर २००५ पासून एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क आहे, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल उरलीसुरली शंकाही काढून टाकली. तुमच्या गावात ‘चौऱ्याण्णवच्या आधी लग्न झालेल्यांना हक्क नाही’ असे म्हणतात, ते कुठून आले तेही सांगतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये स्वतःची दुरुस्ती केली होती आणि तिने २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील जन्मसिद्ध हक्कातून वगळले होते. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीत ती अट नाही. तुमच्या थोरल्या बहिणीचे १९९२ चे लग्न आज कोणाच्याही उपयोगाचे नाही. चार एकरांच्या बाबतीत तर ते कधीच नव्हते.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात नाहीच. तुम्हाला आत्या होत्या का? आजोबा १९७४ मध्ये गेले, म्हणजे कायदा येऊन अठरा वर्षे झाल्यावर. तेव्हाही मुली वारस होत्याच. त्या वेळी आपल्याकडे सर्रास एकट्या मुलाच्या नावे फेरफार (हक्कबदलाची महसुली नोंद) होत असे, आणि मुलींची नावे घेतलीच तर ती ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकली जात. तहसीलच्या अभिलेख कक्षातून १९७४ च्या त्या फेरफाराची नक्कल काढा, आणि तिच्यासोबत खासरा पत्रकाचीही. निजामाच्या राजवटीत राहिलेल्या आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत १९५४-५५ चे खासरा पत्रक हा जमिनीच्या मुळाशी जाणारा कागद आहे. त्याआधीची कागदपत्रे अनेकदा उर्दूत किंवा मोडीत असतात आणि ती वाचणारा माणूस शोधावा लागतो. खासऱ्यात कोणाचे नाव आहे, जमीन कुळकायद्याने आली की इनामाची, भोगवटादार (जमीनधारक) वर्ग एक, म्हणजे विक्रीला मोकळा, की वर्ग दोन, म्हणजे सरकारी परवानगीची अट असलेला, हे कळले की ‘वडिलोपार्जित’ या शब्दाचा तुमच्या घरापुरता अर्थ कळेल. आत्यांचा प्रश्न आज, पन्नास वर्षांनी, कोणी काढेलच असे नाही, आणि इतक्या काळाने तो कितपत टिकेल हे त्या-त्या वस्तुस्थितीवर ठरेल. परंतु खरेदीदार किंवा बँक जेव्हा जुना उतारा मागते तेव्हा असले प्रश्न निघतात. तुम्हाला ते आधी माहीत असलेले चांगले.

धाकट्या बहिणीच्या बाँडविषयी तुम्ही फार निर्धास्त आहात. २००३ मध्ये वडील जिवंत होते. जिवंत माणसाच्या मालमत्तेत, तो मेल्यावर वारसाने मिळू शकेल अशी जी नुसती शक्यता असते, ती सोडता येत नाही आणि विकताही येत नाही; कारण तेव्हा सोडण्यासारखे हातात काही नसतेच. वडील ती चार एकर दुसऱ्या दिवशी विकू शकले असते. त्यातून तो कागद नोंदणीकृत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावे लागते. बाँडवर लिहून नोटरीचा शिक्का मारून आणलेला कागद त्याची जागा घेत नाही. तुम्ही सोबत पाठवलेली छायाप्रत मी नीट पाहिली. मजकूर एका हाताचा आहे, सही दुसऱ्या. सहीखाली तारीख आहे, ती लग्नाच्या आदल्या दिवसाची. हळद लागलेल्या मुलीकडून त्या संध्याकाळी घेतलेल्या सहीला तुम्ही ‘तिची संमती’ म्हणता. कायद्याचे सोडा, बावीस वर्षांनी तिच्यासमोर तो कागद काढून दाखवताना तुम्हाला कसे वाटेल?

‘दादा, तुला वाटेल ते कर’ यालाही मी संमती म्हणणार नाही. वडिलांचे दिवसपाणी उरकून निघताना भावाने जमिनीचा विषय काढल्यावर बहुतेक बहिणी हेच वाक्य बोलतात. त्याचा अर्थ ‘मला नको’ असा असू शकतो. ‘मी मागितले तर दिवाळीला मला कोण बोलावील’ असाही असू शकतो. किंवा, तू योग्य तेच करशील, असा भरवसाही असू शकतो. तिला पर्याय माहीत होते का, तिच्या वाट्याला किती गुंठे येतात हे तिला कोणी सांगितले होते का? ती ज्या वाक्याने तुमच्यावर विसंबली, त्याच वाक्याच्या आधारे तिचे नाव गाळले तर ते तिला कधीतरी कळणारच, कारण सातबारा आता कोणालाही मोबाईलवर पाहता येतो.

लग्नांच्या खर्चाबद्दल बोलू. तुम्ही दोन्ही लग्नांचा खर्च मांडवापासून संसारोपयोगी भांड्यांपर्यंत पान भरून लिहिला आहे. कायद्यात लग्नाचा खर्च म्हणजे हिश्श्याची उचल नव्हे, तो कोणत्याही वारसाच्या वाट्यातून वजा होत नाही. पण त्याच पत्रात, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, कृषी सेवा केंद्राला सुरुवातीचे भांडवल वडिलांनी कापसाच्या पट्टीतून दिले, असे एका ओळीत येऊन जाते. तो आकडा मात्र तुम्ही लिहिलेला नाही. मी दोष देत नाही. आपल्याकडे मुलीला दिलेले लक्षात राहते आणि मुलाला दिलेले घरातच राहिले असे वाटते. बहिणींशी बोलायला बसण्यापूर्वी तेवढी एक ओळ स्वतःशी पूर्ण करा.

तुमच्या श्रमाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. पंचवीस वर्षे शेती कसल्याने वारसाहक्काचा हिस्सा वाढत नाही, आणि सहवारसांपैकी एकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो, हे खरे. तरीही विहीर, ठिबक, बांधबंदिस्ती यांवर तुम्ही स्वतःचा पैसा घातला असेल तर वाटणीच्या वेळी तो हिशोबात धरता येतो, आणि विहिरीची बाजू ज्याने विहीर केली त्याच्याकडे ठेवावी असा आग्रह रास्त आहे. वडिलांच्या आजारपणातला खर्चही बहिणींपुढे मांडा. पावत्या असतील तर पावत्यांसकट मांडा. मात्र आधी हिस्सा मान्य करून मग हिशोब मांडलात तर तो ऐकला जाईल. हिस्साच नाकारून मांडलात तर ऐकणारा फक्त भांडेल.

शपथपत्राविषयी माझे मत स्पष्ट आहे : सगळे वारस लिहा. वारस नोंदीच्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे देणारे शपथपत्र लागते. त्यात जाणूनबुजून नाव लपवणे म्हणजे खोटे शपथपत्र, आणि तो गुन्हा आहे. बरे, करून मिळते काय? तलाठी (ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे) गाव नमुना ६-क मध्ये नोंद घेतात, चौकशी होते, फेरफार तयार होतो, हितसंबंधितांना नोटीस निघून हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मग मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. एवढे सगळे होऊनही फेरफाराने मालकी सिद्ध होत नाही. तो महसुलासाठीचा अभिलेख आहे, आणि गाळलेली वारस उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपिलात किंवा थेट दिवाणी न्यायालयात जाऊ शकते. म्हणजे जोखीम सगळी तुमची, आणि मिळकत एका प्रमाणपत्राची, जे कधीही मोडू शकते. ‘एकुमॅ’ म्हणून, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, एकट्याचे नाव लावून घेण्याचा जो दुसरा मार्ग तुम्हाला सुचवला आहे त्याचेही तेच. त्याने इतरांचा हिस्सा नाहीसा होत नाही, फक्त दिसेनासा होतो, आणि भांडणे तिथूनच निघतात. नोंद होताना एवढे पाहा की आई, बहिणी, वहिनी आणि अज्ञान पुतणी (पालनकर्ती म्हणून तिच्या आईच्या नावासह), ही सर्व नावे भोगवटादाराच्या सदरात आली आहेत आणि कोणी ‘इतर हक्कात’ ढकललेले नाही.

घाई मात्र करा. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यावी असे जमीन महसूल संहितेत आहे. तुम्हाला पाच झाले. त्यामुळे हक्क बुडत नाही, पण मयताच्या नावच्या सातबाऱ्यावर नवे पीककर्ज मिळत नाही, पीकविमा आणि अतिवृष्टीचे अनुदान अडकते, आणि पीएम किसानचा हप्ता तर वडिलांच्या खात्यावर येत राहिला तरी तो उचलायचा नाही. हे दुखणे इतके पसरलेले आहे की राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीमच काढली. तिच्या निमित्ताने वाडवडिलांच्या नावांभोवती गावोगाव कंस, म्हणजे नाव कमी झाल्याची खूण, पडले. तुमच्या वडिलांच्या नावाभोवतीही कंस पडेल आणि खाली सहा नावे येतील. त्या सहा नावांनी जमीन विभागली जात नाही. ती पूर्वीसारखीच सलग राहते आणि तुम्हीच ती कसता.

ठेवीच्या बाबतीत नॉमिनी म्हणून बँक तुम्हाला पैसे देईल आणि देण्याने बँक मोकळी होईल, पण तुम्ही मोकळे होत नाही. नॉमिनी हा वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारा असतो, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत डिसेंबर १९८३ मध्ये (विमा कायद्यातील २०१५ च्या बदलापूर्वी) आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटले आहे. सोसायटीचे कर्ज आधी त्यातून फेडा, सातबाऱ्यावरचा बोजा (कर्जाची नोंद) उतरवून घ्या आणि उरलेले पाच ठिकाणी द्या. कर्जाची जबाबदारीही वारसांवर येते, मात्र प्रत्येकाला वारसाने जेवढे मिळाले तेवढ्यापुरतीच. ज्या घरात नॉमिनी नेमलेला नाही तिथे रक्कम मोठी असेल तर बँक दिवाणी न्यायालयाचे उत्तराधिकार प्रमाणपत्र मागते. त्याला काही महिने लागतात, हे इतर वाचकांनी धरून चालावे.

नावे लागल्यावर मग पर्याय. काहीच न वाटता तुम्ही सगळे शेत कसावे आणि बहिणींना, वहिनींना दरवर्षी ठोक्याने (ठरावीक रकमेने) किंवा बटईच्या (पिकातल्या वाट्याच्या) हिशोबाने त्यांचा भाग द्यावा, हा मला तुमच्या घरासाठी निदान पहिली दोन-तीन वर्षे तरी सर्वांत शहाणपणाचा वाटतो. सोयाबीनचे भाव पाहता रक्कम मोठी नसेल. पण ती वेळेवर आणि न मागता पोचली तर ‘माहेर तुटेल’ ही भीती कोणाची होती आणि कशामुळे होती ते तुम्हालाच दिसेल. कोणाला वेगळे व्हायचेच असेल आणि सगळे राजी असतील, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होते. १६ गुंठ्यांसारखे तुकडे पाडताना फार लहान तुकडे पाडू न देणारा तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो, म्हणून वहिनी आणि पुतणी यांचे एकत्रच ठेवावे. कोणा बहिणीला विकायचे झाले तर परक्याआधी तो हिस्सा घेण्याचा अग्रहक्क सहवारसांना आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले. आणि एखादी बहीण सगळे समजून, स्वतःहून हक्क सोडत असेल तर ती पूर्णपणे मुखत्यार आहे. तेव्हा तिला स्वतंत्र वकिलाशी बोलू द्या, हक्कसोडपत्र नोंदवून घ्या, आणि ते तुमच्याऐवजी आईच्या नावे करायचे का, हेही तिला विचारा. वाटणीचा दावा हा शेवटचा मार्ग. निकाल लागला तरी शेतजमिनीचे प्रत्यक्ष वाटप पुन्हा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हायचे असते, आणि तोवर विहिरीवरची मोटार कोणी चालवायची यावरून पोलीस ठाणे गाठलेली घरे आपल्या सर्वांच्या माहितीत आहेत.

वरचे सगळे हिंदू वारसा कायद्यासंबंधी आहे, जो बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. किनवट, माहूर, कळमनुरी भागातल्या अनुसूचित जमातींना तो थेट लागू नाही, त्यांनी वेगळा सल्ला घ्यावा. मुस्लिम कुटुंबांत व्यक्तिगत कायद्याने हिस्से ठरतात. मुलीला मुलाच्या निम्मे, मुले असल्यास पत्नीला आठवा हिस्सा, आणि दुसरा मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या मुलाची मुले वारस होत नाहीत. त्यामुळे पोरक्या नातवंडांची सोय करायची असेल तर त्या आजोबांनी हयातीतच हिबा (बक्षीस) किंवा एक तृतीयांशाच्या मर्यादेत वसियत (मृत्युपत्र) करणे अगत्याचे ठरते.

शेवटी आईंचा हिस्सा. एक पंचमांश त्यांचा झाला की तो संपूर्ण त्यांचा आहे. त्या तो ठेवू शकतात, विकू शकतात, देऊ शकतात. त्या मृत्युपत्र न करता गेल्या तर त्यांचा भाग तुम्ही, दोन्ही बहिणी आणि पुतणी यांच्यात समान वाटला जाईल. वहिनी त्यात नसतील, कारण स्त्रीच्या वारसांच्या पहिल्या यादीत मयत मुलाची मुले आहेत, विधवा सून नाही. आईंना हे माहीत असावे. मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही (पण केलेली बरी), आणि दोन साक्षीदारांसमोर सही किंवा अंगठा लागतो. वय झालेले असल्याने डॉक्टरांचा दाखला जोडावा. काय लिहायचे ते त्यांनी ठरवावे, आणि त्या लिहून घेत असताना त्या खोलीत तुम्ही, तुमच्या पत्नी आणि बहिणी यांपैकी कोणीही नसावे.